१९६ ज्यूलचा हिशोब : ऊर्जारूपांतराच्या मांडणीच्या प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट

मांडणी कशासाठी करतोय ते आधी लिहून ठेवतो, नंतर कामाच्या भरात विसरायला होतं. ऊर्जेची रूपांतरं दाखवणारी चित्रं प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतात. एका चौकटीत कोळसा, दुसरीत वाफ, तिसरीत फिरणारं चाक, चौथीत दिवा, आणि मधे सारख्याच जाडीचे बाण. माझा राग त्या बाणांवर आहे. पहिल्या चौकटीतून जेवढं निघालं तेवढं सगळं शेवटच्या चौकटीत पोचलं, असं ते न बोलता सांगतात. खाली बारीक अक्षरात एक वाक्य असतं, 'काही ऊर्जा उष्णतेच्या रूपात वाया जाते.' काही म्हणजे किती? आणि कुठे?

आमच्या फलकावर बाण नसतील, मापाचे पट्टे असतील. १० किलोचं वजन २ मीटर खाली येणार. १० × ९.८१ × २ म्हणजे १९६ ज्यूल. एका ज्यूलला एक मिलिमीटर. डावीकडून १९६ मिमी रुंदीचा पट्टा निघेल, वाटेत त्याला फाटे फुटतील आणि उजव्या टोकाला उरेल ते यंत्राने केलेलं काम. अट एकच : सगळ्या फाट्यांची बेरीज १९६ भरली पाहिजे, आणि 'वाया गेली' एवढ्यावर कोणताही फाटा सोडून द्यायचा नाही. तो कुठे गेला ते लिहायचं.

अशी आकृती काढण्याची रीत जुनी आहे. सँकी या अभियंत्याने १८९८ मध्ये वाफेच्या इंजिनाचा ऊर्जाहिशोब अशाच रुंद-अरुंद पट्ट्यांनी मांडला होता. त्याच्या नावाने ती आकृती आजही ओळखली जाते.

साखळी अशी : वजन, दोरी, ड्रम, पुलींवरून फिरणाऱ्या रबरी पट्ट्यांचे दोन टप्पे, जनित्र, दिवा. पुढे दिव्याच्या जागी मोटर येईल आणि ती दुसरं वजन उचलेल.

६ ऑगस्ट

आज फक्त आकडेमोड आणि लेथवर काकांशी वाद.

ड्रमचा व्यास १० सेंमी. वजनाची ओढ ९८.१ न्यूटन, त्रिज्या ५ सेंमी, म्हणून ड्रमवर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, ४.९ न्यूटन-मीटर. वजन १० सेकंदांत खाली यावं असं धरलं तर ड्रम मिनिटाला ३८ फेरे घेईल. आमचं जनित्र १५०० फेऱ्यांच्या आसपास नीट चालतं. म्हणजे वेग ४० पट वाढवायला हवा, पहिल्या टप्प्यात ५ पट, दुसऱ्यात ८ पट. वेग ४० पट वाढला की टॉर्क ४० पट घटतो. इथे ऊर्जेचं रूप बदलतच नाही, यांत्रिक ती यांत्रिकच राहते. फक्त जोर जास्त आणि वेग कमी यांच्याऐवजी जोर कमी आणि वेग जास्त असा सौदा होतो. तरफ, कप्पी, दंतचक्र, स्क्रू हे सगळे याच जातीचे. लोक यांना यंत्र म्हणताना कचरतात, पण मोठ्या यंत्रांच्या पोटात बरीच जागा यांनीच व्यापलेली असते.

१९६ ज्यूल १० सेकंदांत, म्हणजे १९.६ वॅट. वॉटने घोड्याच्या कामाचं जे माप ठरवलं, मिनिटाला ३३,००० फूट-पौंड, ते आजच्या हिशेबात ७४६ वॅट होतं. आमचं यंत्र एका अश्वशक्तीचा अडतिसावा भाग.

वाद पट्ट्यांवरून. काकांचं म्हणणं, "दातेरी पट्टा लाव, घसरणार नाही." मला साधा पट्टा हवाय. दातेरी पट्टा घसरत नाही हे खरं, पण घसरण हा ऊर्जा गमावण्याचा एक खास प्रकार आहे आणि तो फलकावर दिसायला हवा. काका म्हणाले, "म्हणजे मुद्दाम वाईट यंत्र करायचं?" उत्तर द्यायला थोडा वेळ लागला. वाईट नाही, ज्याच्या आत डोकावता येईल असं. ते मान हलवत पुली कापायला गेले.

९ ऑगस्ट

जनित्र म्हणून कायमचुंबकाची साधी डीसी मोटर घेतली आहे. वजन उचलायला पुढे जी मोटर लागेल तीही हुबेहूब हीच. हे मुद्दाम केलंय. फॅरेडेने १८२१ मध्ये धारा वाहणारी तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली आणि १८३१ मध्ये बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून धारा मिळवली. एका अर्थी मोटर आणि जनित्र दोन्ही त्याच्याच टेबलावर झाले. तरी दोन्ही यंत्रं मुळात एकच आहेत हे व्यवहारात ठसायला पुढची काही दशकं जावी लागली. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात ग्राम या संशोधकाच्या एका डायनामोची, म्हणजे जनित्राची, वीज दुसऱ्या डायनामोला दिली, तेव्हा दुसरा मोटरसारखा फिरू लागला. आमची मांडणी त्याचीच छोटी आवृत्ती आहे.

आज आस नुसती बोटांनी फिरवून पाहिली. टर्मिनलं मोकळी असताना सहज फिरते. तीच टर्मिनलं तारेने एकमेकांना जोडली की आस हट्टाला पेटते. बाहेरून काही बदललेलं दिसत नाही, तरी बोटांना फरक लगेच कळतो. तारेतून वाहणारी धारा चुंबकाशी उलट जोर करते आणि आपण त्या जोराविरुद्ध काम करतो. आपलं काम विजेत जातं ते याच वाटेने. फलकाशेजारी अशी एक सुटी मोटर ठेवायची, प्रत्येकाला फिरवून पाहता येईल. माझ्या मते सगळ्या मांडणीत शिकवण्यासारखं सर्वांत जास्त या तुकड्यात आहे.

११ ऑगस्ट

वजन पहिल्यांदा सोडलं. खाली जाड फोम.

टर्मिनलं मोकळी असताना वजन दोन-तीन सेकंदांत धाडकन खाली आलं आणि सगळे पट्टे फडफडले. हा प्रकार पुन्हा करायचा नाही.

दिवा जोडून (१२ व्होल्ट, १६ वॅटचा, तंतूचा) : सुरुवातीचा क्षणभर सोडला तर वजन एकाच वेगाने उतरतं. वेळ १० सेकंद. व्होल्टेज ९.०, धारा १.१ अँपियर. म्हणजे ९.९ वॅट, दिव्यात ९९ ज्यूल.

तारेने टर्मिनलं जोडून : वजन जवळजवळ मिनिटभर रेंगाळत उतरलं. धारा १.२ अँपियर.

या दोन धारांकडे बराच वेळ पाहत बसलो. भार पूर्ण बदलला, वेळ सहापट झाली आणि धारा मात्र जवळपास तीच. विचार केला तर दुसरं काही होऊच शकत नाही. वजन ठरावीक, म्हणून आसेवरचा टॉर्क ठरावीक, आणि जनित्रात टॉर्क धारेच्या प्रमाणात असतो. धारा वजन ठरवतं. व्होल्टेज वेगावर अवलंबून असतं आणि वेग इतकाच वाढतो की ती धारा समोरच्या भारातून वाहून जावी. पाणी आणि नळाच्या उपमांनी वीज शिकलेल्या माझ्यासारख्याला हे सुरुवातीला उलटं वाटतं.

वजन एकाच वेगाने उतरतं हेही हिशोबाला सोयीचं. टेकताना वजनाचा वेग सेकंदाला २० सेंमी, त्याची गतिज ऊर्जा ०.२ ज्यूल. फिरत्या भागांची धरली तरी एकूण एक ज्यूल होत नाही. ती सोडून दिली.

फलकाची पहिली रेघ झाली : १९६ पैकी ९९ दिव्यापर्यंत पोचले. ९७ चा शोध बाकी.

१४ ऑगस्ट

जनित्राच्या आतला हिशोब.

तांबं : वाइंडिंगचा, म्हणजे आत गुंडाळलेल्या तारेचा, रोध १.६ ओहम. धारेचा वर्ग गुणिले रोध, १.२१ × १.६, म्हणजे १.९४ वॅट. १० सेकंदांत १९ ज्यूल तारा तापवण्यात. तांबं तापलं की त्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, पण आमच्या १० सेकंदांत तेवढं तापत नाही. दिवसभर चालणाऱ्या मोटरीत हा मुद्दा किरकोळ राहत नाही : गरम झाली की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी गरम होते.

बाकीचा भाग वेगळ्या रीतीने काढला. जनित्र साखळीतून सोडवलं आणि बाहेरून वीज देऊन मोटर म्हणून त्याच वेगाने, मिनिटाला १४५० फेऱ्यांनी, नुसतं फिरवलं. आसेवर काहीच भार नाही, तरी ११.२ व्होल्टला ०.२८ अँपियर घेतं. तांब्याचा वाटा वजा केला की ३ वॅट उरतात. बेअरिंगचं घर्षण, कम्युटेटरवर (आसेवरच्या, धारेची दिशा उलटवणाऱ्या भागावर) घासणारे कार्बन ब्रश, आत ढवळली जाणारी हवा आणि लोखंडी गाभ्यातच गोल फिरणाऱ्या भोवरा धारा हे सगळे मिळून १० सेकंदांत ३० ज्यूल. गाभा एकसंध न ठेवता पातळ पत्र्यांच्या थरांचा करतात तो भोवरा धारांना वाट मिळू नये म्हणूनच. तरी थोड्या फिरतातच.

९९ + १९ + ३० = १४८. म्हणजे जनित्राच्या आसेवर १४८ ज्यूल आले होते. ४८ ज्यूल त्याआधी, ड्रम आणि पट्ट्यांमध्ये गेले.

छोट्या मोटरींची हीच अडचण आहे. मोठ्या औद्योगिक मोटरी ९५ टक्क्यांच्या घरात पोचतात. यंत्र लहान होत जातं तसा वाइंडिंगचा आणि घर्षणाचा वाटा त्या मानाने फुगतो. खेळण्यातल्या मोटरीवरून विजेच्या यंत्रांची लायकी ठरवणं अन्यायाचं आहे, हे फलकावर कुठेतरी लिहायला हवं.

१७ ऑगस्ट

४८ ज्यूलचा माग.

जनित्र काढून ठेवलं. ड्रमला इतकंच वजन टांगलं की हाताने गती दिल्यावर सगळे पट्टे त्याच वेगाने फिरत राहतील, ना वाढतील ना थांबतील. १.६ किलो लागलं. १.६ × ९.८१ × २ म्हणजे ३१ ज्यूल. हे पुलींच्या बेअरिंगचं आणि पट्टे पुलीवर वाकून पुन्हा सरळ होतात त्याचं. रबर वाकताना जेवढं घेतं तेवढं सरळ होताना परत देत नाही, फरक त्याच्या अंगात उष्णता होऊन राहतो.

घसरण : ड्रमच्या वेगावरून जनित्र मिनिटाला १५२८ फेरे फिरायला हवं होतं, मोजले १४५०. पाच टक्के कमी. टॉर्क पूर्ण पोचतो, वेग पोचत नाही, आणि तेवढ्या टक्क्यांची ऊर्जा पट्टा आणि पुली यांच्या मधे घासून जाते. सुमारे ८ ज्यूल.

३१ आणि ८ मिळून ३९. बाकी ९ ज्यूल. यांचा पत्ता नाही.

काकांना विचारलं. "पट्टा एवढा ताणलास तर बेअरिंग रडणारच," एवढंच बोलले. पण पट्ट्यांचा ताण दोन्ही चाचण्यांत तोच होता. ताण नाही, दुसरं काहीतरी बदललंय.

१८ ऑगस्ट

वजन वर कोण नेतो? काका. दर वेळी १९६ ज्यूल, आणि स्नायूंची कार्यक्षमता २० ते २५ टक्के. म्हणजे त्यांच्या शरीराला एका खेपेला ८०० ते १००० ज्यूल रासायनिक ऊर्जा खर्चावी लागते, वाकण्या-उठण्याचं वेगळंच. फलकाची डावी कड ही सुरुवात नाही, आम्ही मोजायला तिथून सुरुवात केली इतकंच. डावीकडे एक फिकट, रुंद पट्टा कागदाच्या कडेपर्यंत रंगवायचा ठरला.

२० ऑगस्ट

दिवा. ९९ ज्यूल त्यात गेले खरे, पण त्यांचा प्रकाश किती? पूर्ण व्होल्टेजवरही तंतूचा दिवा काही टक्केच ऊर्जा डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशात बदलतो, उरलेली अवरक्त किरणांत आणि काचेच्या तापण्यात जाते. आमचा तर ९ व्होल्टवर, पिवळट. व्होल्टेज पाऊण झालं म्हणून प्रकाश पाऊण राहत नाही, तो निम्म्याच्याही खाली येतो, कारण तंतूचं तापमान उतरलं की त्याचं उत्सर्जन दृश्य पट्ट्यातून अवरक्ताकडे सरकतं. ९९ मिमीपैकी ३ मिमी पिवळे रंगवायचे, तेही हात सैल सोडून.

एलईडी लावला तर हा भाग दहापट रुंद दिसेल. तिथे तापवून प्रकाश काढायचा नसतो, अर्धवाहकातले इलेक्ट्रॉन खालच्या ऊर्जापातळीवर येताना थेट प्रकाश देतात. मधला उष्णतेचा टप्पा गाळला की काय होतं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

२३ ऑगस्ट

दिव्याच्या जागी दुसरी मोटर. तिच्यापुढे उलट्या क्रमाने तेच पट्टे आणि तसाच ड्रम.

२.८ किलो वजन १० सेकंदांत १.२ मीटर वर गेलं. ३३ ज्यूल. म्हणजे १० किलो २ मीटर खाली आल्यावर २.८ किलो १.२ मीटर वर. १९६ चे १७ टक्के.

वाटेतला खर्च : मोटरीत शिरले ९९. तांब्यात पुन्हा १९. मोटरीच्या आतलं घर्षण वगैरे १९ (इथे वेग कमी, मिनिटाला हजाराच्या आत, म्हणून जनित्राच्या ३० पेक्षा कमी). आसेवर ६१. पट्ट्यांचं घर्षण २०, घसरण आणि किरकोळ मिळून ८. उरले ३३.

प्रत्येक टप्पा वेगळा पाहिला तर एकही लाजिरवाणा नाही. पट्टे ७५ टक्के, जनित्र ६७ टक्के, मोटर ६२ टक्के, पुन्हा पट्टे ५४ टक्के. गुणाकार केला की १७. साखळी लांबली की असंच होतं, आणि कोणत्याही यंत्राची शेवटची टक्केवारी ऐकून नाक मुरडण्याआधी साखळीत किती कड्या आहेत ते विचारावं.

मग वजन वाढवलं. ३.२ किलोला मोटर हललीच नाही. नुसती गुणगुणत उभी. डावीकडचं वजन मात्र अर्ध्या मिनिटात सावकाश खाली आलं, धारा १.२ अँपियर वाहत होती, दोन्ही वाइंडिंगांत मिळून १२९ ज्यूल गेले. उजवीकडे जोर होता, हालचाल नव्हती, म्हणून काम शून्य. भौतिकशास्त्रातली कामाची व्याख्या मुलांना अन्यायाची वाटते, भिंत ढकलून दमलेल्या माणसाने काहीच काम केलं नाही असं कसं म्हणायचं? ही अडकलेली मोटर दाखवावी. तिला हात लावला तर ती दमलेली म्हणजे काय ते कळतं : गरम आहे, बस.

२६ ऑगस्ट

काकांनी आज एक दोरी घेतली, वरच्या कप्पीवरून टाकली, एका टोकाला १० किलो आणि दुसऱ्याला ९.३ किलो बांधलं. किंचित धक्का दिला. १० किलो खाली, ९.३ वर. ९३ टक्के. माझ्याकडे पाहून म्हणाले, "मग ही वीज मधे कशाला घातलीस?"

प्रश्न रास्त आहे आणि फलकाने तो टाळता कामा नये.

दोरी जिथवर पोचते तिथवरच ऊर्जा नेता येते. दोरीने दिवा लागत नाही. दोरीला फांद्या फोडून एक टोक पंख्याला, एक पंपाला, एक भट्टीला देता येत नाही. एकेकाळी कारखान्यांत छतालगत लांबच लांब आस फिरत असे आणि प्रत्येक यंत्राकडे तिच्यावरून पट्टा उतरत असे. एकच यंत्र चालवायचं असलं तरी ती सगळी आस फिरवावी लागे. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली तेव्हा हे जंजाळ गेलं.

शिवाय विजेला लांब नेण्याची एक युक्ती आहे जी दोरीला नाही. तीच शक्ती दहापट व्होल्टेजने पाठवली तर धारा दहावा भाग होते आणि तारांमधला क्षय, धारेच्या वर्गावर असल्यामुळे, शंभरावा भाग. मोठे रोहित्र म्हणजे ट्रान्सफॉर्मर ९८-९९ टक्के कार्यक्षम असतात, त्यामुळे व्होल्टेज वर चढवणं आणि खाली उतरवणं फारसं महागात पडत नाही. आमच्या मांडणीत दोन यंत्रं हाताच्या अंतरावर आहेत म्हणून वीज मूर्खपणाची दिसते. मधली तार लांबवली की दोरीचा डाव संपतो.

काकांना पटलं असावं. कप्पी मात्र त्यांनी काढली नाही, मांडणीशेजारी तशीच राहू दे म्हणाले. राहू दे.

३० ऑगस्ट

सगळे फाटे शेवटी उष्णतेत जातात असं फलकावर लिहिणार आहे, तर ते दाखवायला हवं. अडचण अशी की १९६ ज्यूल म्हणजे उष्णतेच्या मापाने जवळजवळ काहीच नाही. १०० ग्रॅम पाण्यात ते सगळे ओतले तरी पाणी अर्धा अंशही तापत नाही. जनित्राच्या लोखंड-तांब्यात एका खेपेला ४९ ज्यूल जातात, त्याचं तापमान पाव अंशाने वाढतं. बोटाला काही कळत नाही, थर्मोकपल या तापमापकावर शेवटचा आकडा सरकतो. लागोपाठ खेपा करत राहिलो तेव्हा वाढ स्पष्ट दिसली.

म्हणूनच हे लोकांच्या लक्षात यायला इतका काळ गेला असावा. रम्फर्डने १७९८ मध्ये तोफांची नळी कोरताना होणाऱ्या उष्णतेचं वर्णन प्रसिद्ध केलं : घोडे फिरवत होते, बोथट हत्यार घासत होतं आणि अडीच तासांनी भोवतालचं पाणी उकळलं. फिरवत राहा, उष्णता येत राहते, संपत नाही. ज्यूलने १८४० च्या दशकात आमच्यासारखंच पडणारं वजन घेतलं, त्याने पाण्यात वल्ही फिरवली आणि तापमानाची सूक्ष्म वाढ मोजली. आजच्या भाषेत त्याचा निष्कर्ष असा : पाणी ४२७ मीटर उंचीवरून पडून थांबलं तर ते १ अंश सेल्सियसने तापेल. आमचं वजन २ मीटरच उतरतं. अर्धा अंश कुठून येणार!

३ सप्टेंबर

आता उलटा प्रवास. काम उष्णतेत बदलणं सोपं, शंभर टक्के होतं, कुणी न सांगता होतं. उष्णतेतून काम?

तापविद्युत पट्टी घेतली, ४ सेंमी चौरस, दोन चिनीमातीच्या पातळ तुकड्यांमध्ये अर्धवाहकाचे बारीक ठोकळे. एका बाजूला ८० अंशांचं पाणी, दुसऱ्या बाजूला २० अंशांचं. सीबेकने १८२१ मध्ये पाहिलेला परिणाम : दोन भिन्न पदार्थांच्या सांध्यांत तापमानाचा फरक ठेवला की व्होल्टेज मिळतं. वाचन : १.० व्होल्ट, ०.४२ अँपियर. गरम पाणी ज्या वेगाने निवत होतं त्यावरून पट्टीतून जाणारी उष्णता सुमारे २४ वॅट निघाली (पट्टीशिवाय पाणी किती निवतं ते वजा करून). २४ वॅट आत, ०.४२ वॅट वीज. पावणेदोन टक्के.

पट्टी खराब नाही. एक तर पट्टीच्या स्वतःच्या दोन तोंडांमधला फरक ४० अंशच होता, उरलेले २० पाण्यापासून पट्टीपर्यंतच्या वाटेत गेले. पण खरी मर्यादा वेगळी. कार्नोने १८२४ मध्ये दाखवलं की उष्णतेवर चालणारं कोणतंही यंत्र, ते वाफेवर चालो की हवेवर, गरम आणि थंड बाजूंच्या तापमानांनी ठरलेल्या एका टक्केवारीच्या पुढे जाऊ शकत नाही. आमचं ८० आणि २० : केल्विनमध्ये ३५३ आणि २९३, फरक भागिले गरम तापमान, १७ टक्के. जगातलं उत्तमातलं उत्तम यंत्र या दोन भांड्यांमध्ये ठेवलं तरी १७ च्या वर नाही. उरलेले ८३ टक्के थंड भांड्यात टाकावेच लागतात. यात घर्षण नाही, कुणाची हयगय नाही.

हे फलकावर वेगळ्या रंगाने दाखवायचं. घर्षणाचा फाटा चांगल्या बेअरिंगने बारीक होतो. हा फाटा होत नाही. औष्णिक वीजकेंद्रात वाफ ५४० अंशांच्या आसपास आणि थंड बाजू ४० अंशांच्या आसपास असते, मर्यादा ६१ टक्के येते, प्रत्यक्षात चांगली केंद्रं ४० च्या जवळ असतात. त्याहून पुढे जायचं तर गरम बाजू आणखी गरम करावी लागते : वायू टर्बाइनमधून निघणाऱ्या तप्त वायूवर पुन्हा वाफ करणारी जोडकेंद्रं ६० टक्के ओलांडतात. न्यूकोमेनचं १७१२ चं इंजिन एक टक्कासुद्धा गाठत नव्हतं, कारण दर फेरीला तोच सिलिंडर तापवायचा आणि तोच थंड करायचा. वॉटने वाफ थंड करायला वेगळं भांडं जोडलं, गरम भाग गरमच राहिला. कार्नोच्या आधीची ही सुधारणा, पण त्याच्याच मार्गावरची.

पावणेदोन टक्के ऐकून काका हसले. त्यांना सांगितलं की १९७७ मध्ये निघालेली दोन्ही व्हॉयेजर यानं याच परिणामावर चालतात. प्लुटोनियमची उष्णता, एकही फिरता भाग नाही, सुरुवातीला सुमारे ४७० वॅट. कार्यक्षमता जेमतेम सहा-सात टक्के. जिथे वंगण घालायला कुणी जाऊ शकत नाही तिथे ती पुरेशी आहे.

६ सप्टेंबर

फलकाच्या कोपऱ्यात तुलनेसाठी एक चौकट : १ ग्रॅम पेट्रोलमध्ये सुमारे ४४,००० ज्यूल. आमच्या वजनाच्या सव्वादोनशे खेपा, एका ग्रॅममध्ये. इंजिन ३० टक्क्यांचं धरलं तर एका लिटरमधून साधारण एक कोटी ज्यूल काम मिळतं, एक टन वजन एक किलोमीटर उंच चढवण्याइतकं.

मग इंजिनं इतकी दशकं ३० टक्क्यांवर का चालली आणि लोकांनी ती का चालवून घेतली, हे याच आकड्यात आहे. इंधनात इतकं भरलेलं होतं की सत्तर टक्के रेडिएटर आणि धुरांड्यातून सोडून देऊनही परवडत होतं. चार-स्ट्रोक इंजिनाचं आदर्श गणित (ऑटोचं इंजिन, १८७६) वायू दाबून आकारमान दहावा भाग केलं तर ६० टक्के देतं. प्रत्यक्षात जळणं क्षणात होत नाही, सिलिंडरच्या भिंती उष्णता ओढून घेतात, पिस्टन घासतो, आणि ६० चे ३० होतात.

१० सप्टेंबर

९ ज्यूलपैकी काहींचा पत्ता लागला. १७ ऑगस्टच्या चाचणीत ड्रमवर फक्त १.६ किलोचा भार होता, प्रत्यक्ष चालताना १० किलोचा. पुलींना बॉल बेअरिंग आहेत, पण ड्रमची आस काशाच्या बुशमध्ये, म्हणजे साध्या नळीत, फिरते, आणि बुशचं घर्षण भाराबरोबर वाढतं. तपासायला ड्रमच्या दोन बाजूंना उलट गुंडाळलेल्या दोऱ्यांवर पाच-पाच किलो टांगले. ओढ शून्य, पण बुशवर भार दहा किलोचा. आता सगळं फिरत ठेवायला १.६ ऐवजी १.७५ किलो लागलं. जादा ०.१५ किलो, म्हणजे ३ ज्यूल.

काका लगेच बुश काढून बॉल बेअरिंग बसवायला निघाले. नको म्हटलं. बसवलं तर प्रत्येक वाचन पुन्हा घ्यावं लागेल, आणि ३ मिमीचा एक सुंदर फाटा हातचा जाईल.

उरले ६. मीटरची अचूकता, स्टॉपवॉचवरचं बोट, १.६ किलोचं 'ना वाढतील ना थांबतील' हे डोळ्याने ठरवणं, हे सगळं एकत्र धरलं तर चारेक ज्यूलची अनिश्चितता येतेच. त्यापुढचे दोन बहुधा दोरी ड्रमवर वाकण्यात. ६ मिमी तिरप्या रेघांनी भरायचे आणि बाजूला 'मोजमापातला फरक व किरकोळ' असं लिहायचं.

१२ सप्टेंबर

रंगकामाला दिलेला अंतिम तक्ता, दिव्याचा फलक : पट्ट्यांचं घर्षण ३१, घसरण ८, बुश ३, किरकोळ ६, जनित्राच्या आतलं ३०, तांबं १९, दिवा ९९ (त्यात पिवळा ३). बेरीज १९६.

उचलण्याचा फलक : पहिले ९७ तसेच, मग मोटरीचं तांबं १९, आतलं १९, पट्टे २०, घसरण व किरकोळ ८, काम ३३. बेरीज १९६.

उष्णतेचे फाटे सगळे तांबडे न करता दोन छटांत करायचे : बेअरिंग, तारा, पट्टे बदलून कमी करता येतील ते फिकट, कार्नोच्या मर्यादेचे गडद. गडद रंग फक्त तापविद्युत पट्टीच्या फलकावर लागेल. तो फलक १ वॅटला ८ मिमी या मापाने : २४ वॅटचे १९२ मिमी, त्यात विजेचे जेमतेम साडेतीन. पट्टीची तोंडं ७२ आणि ३२ अंशांवर होती. त्या हिशेबाने मर्यादा साडेअकरा टक्के, म्हणजे १९२ पैकी २२ मिमीच कामाला मिळू शकले असते आणि १७० गडद. साडेतीन आणि बावीस यांच्या मधला भाग फिकट.